पुढे झुकलेले खांदे

“माझ्यामुळंच गेला पोरीचा खांदा,” पडद्यापलीकडे आई कुणाला तरी सांगत होती. “सुट्टी आली की टोमॅटोचं क्रेट उचलाय लावलं तिला.”

बारामतीतल्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी उजव्या खांद्यावर शेक घेत पडले होते. बाहेरच्या बाकावर भिगवणची एक मासे विकणारी बाई होती, तिचाही खांदा आखडलेला. ती म्हणाली, “मग आता काय काचंच्या कपाटात ठिवणार व्हय तिला?” आई हसली नाही.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं. माझे खांदे भिंतीला टेकेचनात. छातीचे स्नायू आखडलेत, ते खांद्यांना पुढे ओढतात, त्यामुळे पाठीकडची फऱ्यांची हाडं जागेवर राहत नाहीत आणि हात वर केला की आत चिमटा बसतो, असं त्यांनी समजावलं. जड काही उचलतेस का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईने क्रेटचं सांगितलं. मी होकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून कळंबच्या आमच्या रानात मला तोडणीची बंदी झाली. माझ्या वाट्याचे क्रेट आई उचलू लागली. खिडकीतून ती टेम्पोकडे जाताना दिसायची. मध्येच क्रेट खाली ठेवून खांदा दाबत उभी राहायची. मी पुस्तकात डोकं घालायचे.

खरं कारण मला ठाऊक होतं. सातवीत माझं अंग एकदम भरलं. स्कूलबसमध्ये मागच्या सीटवरची मुलं काहीतरी बोलली आणि सगळी हसली. काय बोलली ते मला अजून लिहवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दप्तर पाठीवर घ्यायचं सोडून छातीशी धरलं. पुढे दप्तर सुटलं, ओढणी आली, तिला दोन्हीकडे पिना आल्या. खांदे पुढेच राहिले.

उलट रानात मी सरळ असायचे. तोडणीला आमच्याकडे बायका कपड्यांवरून पुरुषाचा जुना शर्ट घालतात, ऊन आणि पाला अंगाला लागू नये म्हणून. वडिलांच्या ढगळ शर्टात माझं काहीच दिसत नसे. हात वर नेताना कळ यायची, पण लाज वाटत नसे.

डॉक्टरबाईंनी घरी करायला एक व्यायाम दिला होता. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे न्यायची. आमच्या दारासमोर बायका माल निवडत बसतात. मी तो एकदाही केला नाही. रोज करते, असं मात्र दर वेळी सांगितलं.

त्या दिवशी शेक झाल्यावर डॉक्टरबाईंनी आईला आत बोलावलं. फरक का पडत नाही, अजून वजन उचलते का, असं विचारलं.

“एक बी क्रेट उचलू दिला न्हाय, बाई. समदं मीच उचलते,” आई म्हणाली. मग अपराध्यासारखी, “पुढच्या वक्ताला टोमॅटोच लावत न्हाय. पोरीपरीस काय मोठं हाय का?”

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आणखी एकदा मान हलवली असती तर निभावलं असतं. पडदा अर्धा उघडा होता आणि बाकावरची बाई सरळ आत बघत होती. माझे हात सवयीने छातीवर आले होते. ते मला दिसले, आणि बहुधा आईलाही.

“आई, क्रेटमुळे नाही झालं,” मी म्हणाले. “छाती दिसू नये म्हणून मी सातवीपासून वाकून चालते. व्यायामही केला नाही. तू उचलत होतीस, आणि मी गप्प बसले.”