बाई ऐकत नव्हती, बघत होती

बाई गेली त्या दुपारी मी तिच्याच अपिलाचं काय झालं ते विचारायला कचेरीच्या खिडकीपाशी उभा होतो. बायकोचा फोन आला, "लवकर घरी या, बाई उठून नाई राह्यल्या." मी रांग सोडली. पुढे एकच माणूस होता. थांबलो असतो तर निदान उत्तर घेऊन घरी गेलो असतो... असा विचार करण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. पण महिना होत आला तरी तोच येतो.

बाई माझी थोरली बहीण. लहानपणी विषमज्वर झाला आणि तिचे दोन्ही कान गेले. बोलणं तोवर पक्कं झालेलं होतं, ते राहिलं. फक्त आवाज मोठा झाला. नवरा वारल्यावर ती लामत्याहून आमच्याकडे बालाघाटला आली आणि पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवू लागली. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून वाचायची, घरची मराठीही आणि इथल्या कचेरी-दवाखान्यातली हिंदीही. शेजारीण पान चघळत आली तर तिला सरळ सांगायची, "पयले थुकून ये, मंग माप सांग." नवख्या माणसाला बराच वेळ कळायचंच नाही की हिला ऐकू येत नाही. याचा तिला थोडा अभिमान होता. पुढे घात झाला तो त्यानंच.

वॉर्डातल्या कुणीतरी सांगितलं की बहिऱ्यांना सरकारी पेन्शन मिळतं, दाखला काढा. दाखल्यावर निदान चाळीस टक्के बहिरेपण तरी लागतं. बाई इस्त्रीची साडी नेसून तपासणीला आली. मशीनवाल्या मुलानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की हात वर करा, असं सांगितलं. तेही तिला ओठांवरून कळलं. मग तो बटण दाबायचा आणि मान वर करून तिच्याकडे बघायचा. त्यानं बघितलं की बाई हात वर करायची. नंतर मी तिला विचारलं, "ऐकू आलं काय तुले?"

"नाई. पण तो पोरगा इतक्या आशेनं पाहे, हात कसा नाई उचलायचा?"

त्यानंतर डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले. बाईनं चटाचट उत्तरं दिली. डॉक्टर शेजारच्या माणसाला म्हणाले, "ये तो सब सुनती हैं." हेही तिनं वाचलं आणि म्हणाली, "नहीं साहब, मैं देखती हूँ." डॉक्टर हसले. "देखा? सुन लिया ना." दाखल्यावर बावीस टक्के आले. अपात्र.

मी राइस मिलमध्ये पोत्यांचा हिशेब ठेवणारा माणूस. हे बावीस कसे आले त्याची फोड मागितली पाहिजे, असं माझं म्हणणं. बाईला आकड्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, "पेन्शन नाई देल्लं तरी चालन, बापू. पण त्याईनं मले लबाड ठरवलं. तेवढं खोडून आन." एवढ्यासाठी आम्ही अपील केलं.

दुसऱ्या तपासणीला वेगळे डॉक्टर होते, वयस्कर. त्यांनी बाईची खुर्ची भिंतीकडे वळवली. बाई कधी कुणाकडे पाठ करून बसत नसे. पाठ केली की तिच्यासाठी सगळं बंद. त्या दिवशी बसली. डॉक्टरांनी मागून तिचं नाव घेतलं, मग मोठ्यानं घेतलं, मग टाळी वाजवली. आणि एकदम म्हणाले, "माताजी, पल्लू पर छिपकली!" दारातली नर्स दचकून मागे सरली आणि सगळे हसले. बाई मात्र भिंतीकडे बघत शांत बसलेली... मला हसू आलं नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती वळली आणि तिला हसणारी तोंडं दिसली.

ऑटोत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मांगं काय झालं? सारे काहून हासत होते?"

मी पालीचं सांगितलं. तिनं पदर दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. "होती काय?"

"नाई, उगाच म्हणलं त्याईनं."

"मंग बरं." थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजे मी पास झाली ना?"

"हौ. चांगली नापास झाली."

ती इतक्या मोठ्यानं हसली की ऑटोवाल्यानं वळून पाहिलं. लेखी निकाल मात्र यायचा होता.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा त्या खिडकीवर गेलो. बाबूनं कागद चाळले. "भैया, जिनकी अपील थी, वो ही नहीं रहीं. फाइल बंद. अब पुराना वाला ही रहेगा."

"दुसरी जाँच तो हो गई थी. उसका नतीजा लिखकर दे दीजिए."

"किसके लिए?"

त्यानं वाईट बुद्धीनं विचारलं नसावं. नियमही कदाचित तसाच असेल. पण याचा अर्थ असा की सरकारच्या लेखी बाईला शेवटपर्यंत ऐकू येत होतं. तिनं हट्टानं धरलेली एकच मागणी, आणि तीच राहिली. मी तिथेच बाकावर बसून निकालाच्या नकलेसाठी अर्ज लिहिला आणि पोच घेतली. नक्कल मिळेल की नाही, कुणी सांगत नाही. जेवताना, मिलमध्ये पोती मोजताना, मध्येच उठून उभा राहतो, जणू खिडकी बंद व्हायची वेळ झाली आहे.

अर्ज दिला त्या दिवशी घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. बायको आतून विचारत होती, काय म्हणाले म्हणून. बाईशी काही बोलायचं तर आधी पुढच्या खोलीतला दिवा लावायचा, तिच्या मशीनसमोर उभं राहायचं आणि तोंड उजेडात धरायचं, ही आमच्या घरची रीत. मी दिवा लावला. मशीनसमोर उभा राहिलो. मग आवाज न काढता, नुसते ओठ सावकाश हलवत म्हणालो, "अजून खोडलं नाई, बाई. सोमवारी पुन्हा जातो."