शेणाच्या गॅसचं भाषण

बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक म्हणतात दम्यानं गेली. मी म्हणतो धुरानं गेली, अन् तो धूर घरात मी ठेवला.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. रॉकेल मिळेना, तेव्हा विद्यापीठाचे एक प्रोफेसर केनवडकडच्या आमच्या गावात भाषणाले आले. शाळेच्या पटांगणात माणसं पुढं, बाया बाजूले निंबाखाली. साहेब सारखे ‘ऊर्जा, ऊर्जा’ म्हणत. एक म्हातारा उठून म्हणाला, “साहेब, हा अर्जा कोणाच्या नावानं कराचा? तलाठी लिहून देते काय?”

साहेब हसले अन् मग सरळ सांगू लागले. खड्ड्यात शेण कालवून टाकायचं, वर लोखंडी टोपी, नळीतून गॅस चुलीपर्यंत. धूर नाही. उरलेलं शेण वावरात खताले.

मले ते थोतांड वाटलं. उठून म्हटलं, “जाळलं त राख होते. मंग खत कुठून उरते? आमाले येडे समजता काय?”

“शेण जळत नाही हो, त्यातली हवा जळते.”

“मंग आमच्या बुढ्याले लावा नळी,” मागून कोणीतरी म्हणालं. “त्याच्यात लय हवा हाये.”

सारं गाव हसलं. हसू थांबल्यावर साहेब म्हणाले, “एका घरी नमुन्याचा खड्डा आम्ही बांधून देऊ. चार जनावरं असतील त्यांनी हात वर करा.”

चार जनावरं आमच्याकडं होती. मी हात बांधून उभा. निंबाखाली एक हात वर झाला. माझ्या बायकोचा.

“त्या बाई कोणाच्या घरच्या?”

“माह्या घरच्या,” मी म्हटलं. “हात नाही केला साहेब, पदर सावरून राह्यली ते.”

तिनं तोच हात डोक्यावर नेला अन् खरंच पदर सावरला. माझं खोटं तिनं चारचौघांत खरं करून दिलं.

घरी मीच वर तिच्यावर चिडलो. “हात कायले वर केला?”

“साहेबानं इचारलं म्हणून. चूल तुमी फुंकता का मी?”

खड्डा मेडशीकडं, माझ्या साडूच्या गावी गेला. दोन वर्षांनी मी तिथं गेलो. खड्ड्यातलं उरलेलं शेण त्यांनी वावरात टाकलं होतं, अन् तिथली ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. साहेब खरं बोलला होता. मी घरी येऊन एवढंच सांगितलं, की साडूची तब्येत बरी आहे. बायको तुराट्या मोडून चुलीत घालत होती.

सिलिंडर आलं तोवर तिची छाती कामातून गेली होती. शेवटच्या महिन्यात मी तिले सांगून टाकलं, की मेडशीले जाऊन मी सारं पाहून आलो होतो.

“मले मालूम हाये,” ती म्हणाली. “आल्यावर दोन दिवस तुमी जेवले नाई धड.”

“मंग तवाच बोलली काहून नाई?”

तिले खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं, पाठ चोळली. उबळ गेल्यावर तिनं डोळे मिटले, अन् मीही पुन्हा विचारलं नाही.