मी मार्केटिंग म्हणाले

घरात मला सल्ला विचारायची कुणाला सवय नव्हती, आणि द्यायची मलाही नव्हती. एकदाच विचारला, तो लेकीनं. त्याचीच ही गोष्ट.

माझी थोरली बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली आणि पुढं एमबीए करायचं म्हणून हटून बसली. परीक्षा दिली, मुलाखती दिल्या. पुण्याच्या दोन कॉलेजांनी तिला घेतलं, आणि तिथंच घोटाळा झाला. दोन्ही पुण्यातच, दोन्हीकडं दोन वर्षं, पदवी एकच. दोघांची चकचकीत पुस्तकं बाजेवर शेजारी शेजारी ठेवून ती बघत बसायची. झाडताना मीही बघितली. दोन्हींवर इमारत, दोन्ही इमारतींपुढं हिरवळ. मला तर ती एकाच कॉलेजची वाटली.

माझे मालक म्हणाले, “एका जोडीतली बैलं हाईत ही. कुठला बी धर.”

“तसं नसतं, आबा. शिकून पुढं काय करायचंय त्यावर ठरवायचं. एकाचं ऑपरेशन्स चांगलं हाय, दुसऱ्याचं मार्केटिंग.”

“व्हय व्हय,” हे म्हणाले. कळलं नाही की हे दोनदा व्हय म्हणतात. मग टोपी घालून उठले. “आईला इचार तुझ्या,” म्हणाले आणि हसत उसाला पाणी द्यायला गेले.

चेष्टा होती ती. पण चुलीपुढं भाकरी थापताना मी ते दोन शब्द धरून ठेवले होते. तिचं बाकीचं इंग्रजी माझ्या कानावरून जायचं, हे दोन मात्र मला येत होते. निदान मला तसं वाटलं.

ऑपरेशन म्हणजे काय हे आमच्या भागातल्या कुठल्या बाईला माहीत नव्हतं? धाकट्याच्या पाठीवर माझंही झालं होतं, पुढं मूल होऊ नये म्हणून, शाळेच्या वर्गात लागलेल्या शिबिरात. त्यासाठी बायका गोळा करत एक बाई दारोदार फिरायची. ती लांबून दिसली की आमच्या आळीतल्या सुना कडी लावून घ्यायच्या. एमबीए म्हणजे माणसांकडून काम करून घ्यायचं शिक्षण, एवढं मला लेकीनं सांगितलं होतं. म्हणजे ही त्या बाईची साहेबीण होणार, गावोगाव हिंडणार, आणि बदली होईल तिकडं जाणार. बिनलग्नाची पोर, तिनं असलं कशाला निवडायचं, असं माझ्या मनात आलं.

आणि मार्केटिंग म्हणजे मार्केट यार्ड. कांदा घेऊन यांच्याबरोबर मी बारामतीच्या यार्डात जायची. तिथं ऑफिसात खिडकीच्या आत एक बाई बसायची. डोक्यावर पंखा, इस्त्रीची साडी, आणि मिशीवाले बागाईतदार तिच्यापुढं टोपी सारखी करून उभे. लिलावाचा गलका चालू असायचा आणि ती आपली मान वर न करता लिहीत असायची. मला ती फार आवडायची. तिच्या जागी मी कितीदा लेकीला बसवून बघितलं होतं. आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर. सकाळच्या एसटीनं गेली की संध्याकाळी घरी. पुढं लग्न झालं तरी तिकडंच कुठंतरी द्यायची, म्हणजे बाजाराच्या दिवशी खिडकीतनं तोंड तरी दिसेल. एवढंच मला हवं होतं. मुलगी जायचीच, हे मला कळत होतं. पण डोळ्याच्या टप्प्यात राहावी, असं वाटायचं.

हौदावर धुणं पिळताना ती खरंच विचारायला आली. गोधडीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी.

“आई, तू सांग. कुठलं घेऊ?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तरी बी. तुझ्या मनात काय हाय?”

मी गोधडीला पीळ देत म्हणाले, “मार्केटिंग घे.”

तिच्या हातातलं टोक सुटलं. “खरंच? तुला चालंल?”

“न चालायला काय झालं? मला तर लय आवडंल.”

तिनं ओल्या हातांनी मला मिठी मारली. आमच्यात मिठी मारायची पद्धत नाही. मी लाजून चूर झाले, आणि मनात म्हणाले, बघ, हिलाही जवळच राहायचंय.

शनिवारी माझे धाकटे दीर आले. ते माळेगावला साखर कारखान्यात कामाला. मी ताक पुढं केलं आणि न विचारता सांगितलं, “भावजी, पोरीचं ठरलं बरं का. मार्केटिंग. आता बारामतीतच बसंल, यार्डात.”

“यार्डात?” ते एवढे हसले की ताक नाकात गेलं. “अवं वैनी, मार्केटिंग म्हंजे यार्ड न्हवं! कंपनीचा माल मुलुखभर खपवायचा. मुंबई, दिल्ली, कुठं बी धाडतील.”

“आन् ऑपरेशन?”

“ते म्हंजे कारखाना चालवायचा. आमच्यासारखं कारखानं, दूधसंघ, सगळीकडं लागत्यात तसली माणसं. हितंच घावली असती की नोकरी.” मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. “आजून येळ हाय, वैनी. सोमवारी पुण्याला जाऊन नाव घालायचंय तिला. म्या सांगू का?”

आतल्या खोलीत लेक ट्रंक भरत होती. तोंडानं गाणं चालू होतं. तिला गाताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ती एवढी खूश का होती, ते मला आत्ता कळलं. तिला लांब जायचं होतं, विचारायची चोरी होती, आणि मी जा म्हणाले होते.

“नगा सांगू,” मी म्हणाले.

मोठ्या मनानं म्हणाले असं नाही. तिच्यापुढं जाऊन ‘माझी चूक झाली, तू हितंच राहा’ म्हणायला जे तोंड लागतं, ते माझ्याकडं नव्हतं. थोडं ते, आणि थोडं ते गाणं. दोन्हींत जास्त काय होतं, हे मला अजून सांगता येत नाही.

सोमवारी तिनं नाव घातलं. दोन वर्षं शिकली आणि एका साबणाच्या कंपनीत लागली. आता लखनौला असते. तिकडच्या खेड्यांत साबण कसा खपेल ते बघते. रविवारी गावातल्या फोनच्या दुकानात मी जाऊन बसते. तिचा फोन आला की काय बोलायचं ते विसरते. जेवलीस का विचारते, पाऊस हाय का विचारते. फोन ठेवला की सगळं आठवतं.

या दिवाळीला आली, तेव्हा अंगणात माझ्या जावांच्या घोळक्यात सांगत होती, “मला एवढी परीक्षा पास होऊन ठरवता येईना. आन् आमची आई चौथी शिकलेली. एका शब्दात म्हणाली, मार्केटिंग घे. तिला ठावं होतं मला काय पायजे ते.” दीर तिथंच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पान लावायला घेतलं.

अभ्यंगाच्या आधी तिला पुढ्यात घेऊन मी तेल लावत होते. केस कापून पार आखूड केलेत. हाताला काही लागतच नाही, तरी मी चोळत राहिले.

“अगं, तवा हौदावर मला...”

“काय, आई?”

“काय न्हाय. मान सरळ धर.”