सोनेरी कडेवरचं कुंकू

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जायचो. बदनापुरात आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून समजतात की माझ्या मित्रानं माझ्या कॉम्प्युटरला खराब रॅम बसवली आणि त्यामुळे माझ्या बायकोचं नातीचं बारसं बघायचं राहिलं. हा समज माझ्यामुळे पसरला. तो खोटा आहे. मित्र आता हयात नाही. निदान खरं काय ते एकदा लिहून ठेवतो.

आम्ही दोघं जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाण्यांच्या कारखान्यात होतो. मी गोदाम सांभाळायचो, तो विजेचं काम बघायचा. एकाच मोटारसायकलवर जायचो. गाडी तो चालवायचा आणि मी मागे, मांडीवर दोघांचे डबे घेऊन. चतुर्थीला मी राजूरच्या गणपतीला निघालो की तेव्हाही गाडी त्याचीच. मी रांगेत असेपर्यंत तो बाहेर पेरू खात बसायचा आणि मी आलो की विचारायचा, "काय मागितलं रे? माझी बदली तर न्हाई ना मागितली?"

कारखान्यात एक रीत होती. नवी मोटार येवो, पट्टा येवो, नाहीतर साधा स्टार्टर, हळदीकुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वस्तू माझ्या गोदामातून निघायची म्हणून कुंकू लावायचा मान माझा. नारळ तो फोडायचा, कारण एका फटक्यात फोडणारा दुसरा कुणी नव्हता. नमाज पढणारा माणूस, पण नारळाच्या वेळी सगळ्यांच्या पुढे उभा. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाबा रे, कुंकू मोटारीच्या अंगाला लाव. टर्मिनलला, वायर जोडतात तिथं, नको. न्हाईतर देव पावंल अन् करंट रुसंल." माणसं हसायची. सगळी नोकरी मी हे वाक्य ऐकलं.

निवृत्तीनंतर मी घरी बसलो. त्याला बसवेना. त्यानं जावयाकडून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. बदनापुरात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की लोक त्याला घरी बोलवायचे. मी जाऊन तासन् तास तिथे बसायचो, आणि तो ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा माझा गोदामवाला. याला काहीच येत न्हाई, पण बिलकुल इमानदार माणूस हाय."

त्याच सुमारास माझ्या बायकोचे डोळे अधू होऊ लागले. साखरेनं पडदे खराब झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, पण फार काळ टिकेलच असं नाही. मोबाइलवरचा चेहरा तिला ओळखू येत नसे. तेवढ्यात परदेशातल्या मुलाला मुलगी झाली. त्यांनी बारसं तिकडेच ठरवलं आणि आम्हाला व्हिडिओवर हजर राहायला सांगितलं. पाळणा आजीनं म्हणायचा, हे सुनेनंच ठरवलं होतं. बायको एकच म्हणत राहिली, "मला मोठ्या पडद्यावर दाखवा. एकदा नीट बघू द्या तिला."

मोठा पडदा म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या वेळी घेतलेला आमचा डेस्कटॉप. तो फार मंद झाला होता. मुलगा बोलून जायचा आणि त्याचे ओठ नंतर हलायचे. मित्रानं येऊन पाहिलं.

"रॅम कमी हाय याची," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पंगतीला जागा चार पाटांची अन् तू पाव्हणे बसवले वीस. वाढपी कुठून फिरणार? पाट वाढवू, मंग बघ कसा पळतो."

बारशाच्या आदल्या दिवशी तो नव्या रॅमच्या दोन पट्ट्या घेऊन आला. कॉम्प्युटरच्या डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढली, रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली, जुनी पट्टी काढून नव्या बसवल्या. प्रत्येक टोकाला टक असा आवाज आला. "हा आवाज आला म्हणजे बराबर बसली," त्यानं मला दाखवलं. मग मुलाला व्हिडिओ लावला. चित्र आरशासारखं. कोपऱ्यात रिकामा पाळणा दिसत होता. बायकोनं पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "झुंबर लावलंय की पाळण्याला!"

"वहिनी, उद्या मोठ्यानं गा," तो म्हणाला. "साऱ्या परदेशाला कळू द्या."

तिनं त्याला दोनदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा सहकुटुंब आला. शेजारपाजारच्या बायका येऊन बसल्या. मी पूजा आटोपली आणि हळदीकुंकवाचं ताट हातात असताना माझी नजर कॉम्प्युटरवर गेली. काल घाईत नव्या पुर्ज्याला कुंकू लावायचं राहून गेलं होतं. मला ते बरं वाटेना. साऱ्या नोकरीत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि नेमकं नातीच्या बारशाला व्हावं?

डब्याला बाहेरून बोट लावलं असतं तरी चाललं असतं. पण डबा जुना होता. नवा होता तो पुर्जा आत होता.

मी वायर काढली. झडप काढली. काल पाहिलं होतं तसं दोन्ही बाजूंचे खटके दाबून एक पट्टी बाहेर घेतली. हिरवी पट्टी, आणि एका लांब बाजूला सोनेरी कडा. वस्तूचं कपाळ कुठलं हे कळायला हवं ना. मला ती सोनेरी कडाच कपाळ वाटली. कुंकू ओलं होतं. मी अनामिकेनं त्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट ओढलं, वरून हळद लावली. दुसरीलाही तसंच. मग दोन्ही पट्ट्या परत आत दाबल्या. टक आवाज आला की नाही, ते आजही मला सांगता येत नाही. मी नमस्कार करण्यात गुंतलो होतो.

वायर लावून बटण दाबलं. पडदा काळा. आतून एक लांब बीप आला. मग शांतता. मग पुन्हा तसाच लांब बीप.

मी मित्राला फोन केला. तो निघाला, पण तोवर तिकडे मुहूर्ताची वेळ झाली. मेहुण्यानं त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून बायकोच्या डोळ्यांपुढे धरला. तिनं तो जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला.

"काहीच दिसंना मला. सगळं धुरकट हाय."

मग तिनं तो मोबाइल कानाला लावला आणि पाळणा म्हणू लागली. काळ्या पडद्यासमोर खुर्चीवर बसून, डोळे मिटून. आणि प्रत्येक कडव्यामध्ये तो बीप. बटण बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मी तर हाताच्या अंतरावर होतो.

मित्र दारात आला तेव्हा गाणं संपलं होतं. मेहुण्यानं त्याच्याकडे न बघता मला म्हटलं, "भावजी, आपल्यातलं कुणी मिळालं न्हाई का या कामाला? मित्र मित्र करता, अन् बघा, जुना माल मारला ना गळ्यात."

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. सकाळी मी उघडला होता, एवढंच. त्याऐवजी मी मित्राला म्हणालो, "काल तर चांगला चालत होता. तू काय बसवलंस, तुलाच ठाऊक."

तो खाली बसला, झडप काढली, एक पट्टी बाहेर घेतली. त्याची सगळ्यांकडे पाठ होती. मी शेजारी उभा होतो. त्यानं पट्टी खिडकीच्या उजेडाकडे फिरवली आणि त्याचा हात थांबला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे बघत होतो.

त्यानं खिशातून खोडरबर काढलं आणि ती सोनेरी कडा घासायला लागला. शाळेतली पोरं वही खोडतात तसं. तांबडा, पिवळा चुरा पडत होता. एकही कण जमिनीवर पडू न देता तो सगळा चुरा त्यानं डाव्या हातात गोळा केला आणि मूठ मिटली. उजव्या हातानं दोन्ही पट्ट्या बसवल्या. टक, टक. कॉम्प्युटर सुरू झाला.

उठून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझीच चूक झाली. काल बराबर बसली न्हाई. माफ करा वहिनी."

बायकोनं त्याला चहा विचारला नाही. तो गेला तेव्हा त्याची डावी मूठ मिटलेलीच होती. खोडरबर मात्र डब्यावर राहिलं. त्याची एक बाजू तांबडी होती.

नात पुढे दिसली. रोज दिसायची. बायकोनं तिचे दोन दात येईपर्यंत तिला पाहिलं, मग नजर गेली. पण बारसं गेलं ते गेलं, आणि त्याचा राग तिनं मनात ठेवला नाही. भाजीवालीला, शेजारणींना, देवळात, सगळीकडे सांगितला. त्याला घरी बोलावणं लोकांनी कमी केलं. पुढच्या खोलीचं दार दुपारीही बंद दिसू लागलं. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून विचारायचा, "बरं हाय ना तुमचं?" मला त्यानं आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मागे बस, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही. राजूरला मी एसटीनं जाऊ लागलो. बाहेर पेरूची गाडी दिसली की मान खाली घालून पुढे व्हायचो.

तो कॉम्प्युटर आता कुणी लावत नाही. वायरही काढून ठेवली आहे. तरी दुपारी घर निजलेलं असलं की मला तो बीप ऐकू येतो. मागे सरकणाऱ्या टेम्पोचा भोंगा असेल म्हणून मी खिडकीत जातो, आणि गल्ली रिकामी असते. परत वळलो की काळ्या पडद्यात एक वाकलेली पाठ दिसते. ती माझीच सावली असणार. मी हललो की हलते. पण क्वचित मी हलल्यावर ती जराशी उशिरा हलते, असं मला वाटतं, आणि मग मी त्या खोलीत थांबत नाही.

तो आजारी पडला, जालन्याला मुलीकडे गेला. मी भेटायला गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. तो पलंगावर होता, फार वाळला होता. मुलगी आत चहा करत होती. खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"कॉम्प्युटर चालून राह्यला का?" त्यानं विचारलं.

"चालतोय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. आणखी काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे मिटले. चहा आला, मी प्यालो, उठलो. आठवडा झाला नसेल, निरोप आला.

काल मी बायकोला सगळं सांगितलं. ती आता काहीच बघू शकत नाही. हातातली लसूण सोलायची थांबवून तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी त्यांना साधा चहा इचारला न्हाई हो." आणि थोड्या वेळानं, "मंग त्यांना का न्हाई सांगितलं, गेल्ते तवा?"

जे त्याच्या पलंगाशी बसून म्हणायचं होतं, ते तोंडपाठ आहे. त्या दिवशी एमआयडीसी मागे पडेपर्यंत मी ते पुटपुटत होतो, आजही पुटपुटतो:

यार, तुझी रॅम चांगली होती. कुंकू मी लावलं. टर्मिनललाच लावलं रे. मला माफ कर.