वलंदेजी आग्रह

आमच्या यमूचं लग्न मोडायला आलं ते सुरतेच्या खजुरामुळे. यमूने तो खजूर पाहिलाही नव्हता. खाल्ला मीही नव्हता, आणि तिथेच सगळी गोम होती!

मी तेव्हा सुरतेला वलंदेजांच्या, म्हणजे हॉलंडहून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वखारीत दुभाषी होतो. त्यांचं जेवण पाहून मी थक्कच झालो. भरदुपारी थंडगार पाव, त्यावर दुधाच्या कसल्याशा पिवळ्या वडीचा पातळ काप. एकच! ना फोडणी, ना वाफ. जहाजंच्या जहाजं माल हलवणारी माणसं ती, आणि एवढ्यावर तृप्त होऊन पुन्हा कामाला! (तेवढ्या वेळात आमच्याकडे पाटही मांडून होत नाहीत.)

पहिल्याच दिवशी वखारीच्या साहेबाने खजुराची पेटी पुढे केली. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "छे छे, कशाला?" साहेबाने आदराने मान डोलावली आणि झाकण लावलं. खट्! दुसऱ्यांदा विचारणं नाही. रोज पेटी उघडे, रोज माझं "कशाला?" आणि रोज खट्! आधी राग आला, मग पोटात कावळे ओरडले, आणि शेवटी मी अगदी भारावून गेलो. काय हा माणसाच्या शब्दाचा मान!

तो मान घेऊन मी पुण्याला परतलो. यमूची सोयरीक ठरत आली होती. होऊ घातलेले व्याही तात्या आमच्याकडे कसब्यात जेवायला आले. जिलब्या वाढायला मी स्वतः उभा राहिलो.

"तात्या, जिलबी?"

"नको हो, पोट भरलं." तात्यांनी पानावर हात आडवा धरला; बोटं फाकवून, जिलबी सहज खाली पडेल अशी.

मी पुढच्या पानाकडे वळलो.

मग तूप. "नको." गेलं. मग मठ्ठा. "नको." तोही गेला! माझा ऊर भरून आला. पुण्यात प्रथमच कुणाच्या शब्दाला एवढी किंमत मिळत होती.

बायकोने माजघराच्या दारातून खुणावलं. "अहो, व्याही आहेत ते! आग्रह करा!"

"त्यांनी नको म्हटलंय."

"नको म्हणतातच! माझ्या माहेरी नको नको म्हणत तुम्ही ताटभर जिलब्या संपवल्या होत्या!"

तोवर तात्यांनी हात धुतले होते. दाराशी म्हणाले, "आधी कळवायचंत. आम्ही घरून जेवून आलो असतो." बोलणी तिथेच थांबली. यमू रडून रडून लाल झाली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीच तात्यांचं घर गाठलं आणि खजुराची सगळी हकीकत सांगितली. तात्या गंभीरपणे ऐकत होते. एकदम पोट धरून हसले.

"म्हणजे एकदाच विचारायचं? काय शहाणी माणसं हो! तूप किती वाचेल!"

लग्न ठरलं! माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आतून पुरणपोळीचा खमंग वास आला.

"बसता ना जेवायला?" तात्यांनी विचारलं.

"छे छे, कशाला उगीच?" मी म्हणालो.

तात्यांनी आदराने मान डोलावली, मला बाहेरपर्यंत पोचवलं आणि दार लावलं.

खट्!