मुक्काम किती दिवसांचा

आमच्या घरावर पाटी तेवढी नव्हती, नाहीतर ते लॉजच होतं. सिडकोत दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात, पाळीच्या नोकरीत. गोतावळ्यात शहरात पक्कं घर असलेले आम्हीच, त्यामुळं दवाखान्यात कुणाला दाखवायचं असो, कोर्टाची तारीख असो, कुणाच्या पोराची भरतीची परीक्षा असो नाहीतर वेरूळला दर्शनाला जायचं असो, माणूस उतरायचं आमच्याकडं. आईनं मला लग्नाआधी तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाहुण्याला चहा विचारू नये, टाकावा. जेवता का म्हणू नये, ताट वाढावं. आणि कधी जाणार हे तर मनातसुद्धा आणू नये. मी ते सगळं पाळलं. लोक मला लई चांगली म्हणायचे. चांगलं म्हणवून घेण्यात माणूस किती अडकतं ते मला फार उशिरा कळलं.

त्यात दुष्काळ. जायकवाडी तळाला गेलेलं, आणि शहर मात्र चहूकडून फुगत चाललेलं. आमच्या मागच्या मोकळ्या मैदानात बघता बघता चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांची बोअर खाली गेली तसा आमच्या कॉलनीतला हापसा कोरडा पडला. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळं घर सोडता येत नसे. गुलमंडीला जाऊन एखादं पातळ घेऊन यावं म्हटलं तरी जीव नळापाशी. मी माहेरी जाऊन आले नव्हते किती दिवसांत! भाऊ फोनवर म्हणायचा, ये की गं. मी म्हणायची, पाणी आलं की येते. तो हसायचा. त्याला वाटायचं मी पावसाचं म्हणतेय.

त्याच भावाची मुलगी माझ्याकडं शिकायला होती. गावाकडं बी.कॉम. करून ती इथं हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या मास्टर्सला आली. दोन वर्षांचा अभ्यास. आमच्याकडं हॉटेल म्हणजे स्टँडवरचं चहा-भज्याचं टपरीवजा दुकान. भजी तळायला दोन वर्षं लागतात व्हय, असं लोक भावाला विचारायचे, म्हणून तो परस्पर सांगायचा की पोरगी कॉम्प्युटरचं काहीतरी शिकती. वैजापूरकडचं एक स्थळ त्यानं धरून ठेवलं होतं, मुलाचं खताचं दुकान होतं. अट एकच : आत्याच्या घरी नीट राहिली, कुणाची तक्रार आली नाही, तर शिकू दे. तक्रार आली की परत, आणि परत म्हणजे थेट बोहल्यावर. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

पोर गुणाची. रोज पांढरा शर्ट, काळी पँट, केस जाळीत बांधलेले. कॉलेजच्या दारातच नखं तपासायचे म्हणे. त्या पाण्याच्या ओढाताणीत रोज एक पांढरा शर्ट धुणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. मी तांदळाचं धुवणसुद्धा ठेवायची, भांड्यांना. अभ्यास ती माझ्यावरच करायची. मी शिकलेली सातवी, पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांवरचं वाचून. ती इंग्रजीतनं घोकायची आणि मग मला मराठीतनं सांगायची, म्हणजे तिच्याही डोक्यात बसायचं. मी पाहुणी व्हायची, बाहेर जाऊन कडी वाजवायची. ती दार उघडून आधी हसायची, मग हात जोडायची, मग माझ्या हातातली पिशवी घ्यायची, आणि मग विचारायची, आपला मुक्काम किती दिवसांचा?

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मटकन खालीच बसले. म्हटलं, अगं, हे विचारतात? ती म्हणाली, आत्या, हेच आधी विचारतात. हा माणूस कधी जाणार ते कळल्याशिवाय पुढच्याला खोली कुठून देणार? मला हसू आवरेना. आणि खरं सांगू का, हसता हसता मला एकदम हेवा वाटला. असं तोंडभर हसून, हात जोडून, सरळ विचारून टाकायचं! त्याचे वर मार्क मिळतात!

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आलेली, पोर खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होती. मी गच्चीवर ड्रमाला फडकं बांधत होते. कडी वाजली. तिनं दार उघडलं. दारात आमच्या आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. हातात पत्र्याची पेटी, बाजूला ज्वारीचं पोतं आणि गुंडाळलेली वाकळ. पोर हसली, हात जोडले, पेटी अलगद काढून घेतली, आणि तोंडातनं गेलंच, “आपला मुक्काम किती दिवसांचा?”

मी जिन्यावरनं ऐकलं. धावत खाली आले तोवर आक्का पायरीवर बसल्या होत्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही. पोरीनं जीभ चावलेली, चेहरा पांढराफटक. आक्का रस्त्याकडं बघत एवढंच म्हणाल्या, “भावाच्या दारात अजून मला हे कुणी विचारलं नव्हतं.”

हे पाळी संपवून आले ते बहिणीला पायरीवर बघून हादरलेच. आक्कांनी रडून सांगितलं. यांनी पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीत बसवून दे तिला, मी तिच्या बापाला फोन करतो. खिशातनं फोन काढला पण. पोर भिंतीला टेकून उभी. तिनं तोंड उघडलं, माफी मागायलाच बहुतेक, आणि मी मधी पडले.

“तिला मीच सांगितलं होतं विचारायला,” मी म्हटलं.

कुठनं आलं तोंडात, देव जाणे. पण आलं. आणि एकदा आल्यावर ते गिळायची सोय नव्हती. यांनी फोन खाली ठेवला. पोरीला स्टँडवर सोडता आलं असतं, मला कुठल्या स्टँडवर सोडणार? ते उठून आत गेले. आक्का मात्र उठल्या, पेटी स्वतः उचलली, घरात आल्या, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

लोकांना वाटतं न बोलणारं माणूस निघून तरी जातं. आक्का कुठं जाणार! गावाकडची विहीर दिवाळीतच आटलेली. तेव्हा स्वयंपाकघर एवढंसं, त्यात आम्ही दोघी, एकमेकींच्या कोपराला कोपर लागून. त्या कुकरशी बोलायच्या, भिंतीशी बोलायच्या. “कुणाला तरी सांगा, चहात साखर कमी पडती.” “आजकाल रोज कापडं धुत्यात लोकं, जणू नदी दारात हाय.” मीही मग शेगडीकडं तोंड करून म्हणायची, साखर डब्यात आहे, डबा फळीवर आहे. हे दोघींच्या मधून मान खाली घालून ताट घेऊन जायचे. टँकर आला की मात्र दोघी एकाच पाइपाला. एक भांडं धरणार, दुसरी घागर सरकवणार, तोंडातनं शब्द नाही. हात कसे एकमेकींचं ऐकायचे, बघा.

पोरीचे हाल वेगळेच. ती मला म्हणायची, आत्या, मी आक्कांचे पाय धरते आणि खरं सांगते. मी म्हणायची, गप. आता सांगितलंस तर तू पण खोटी आणि मी पण, आणि तुझ्या बापाच्या हातात आयतं कोलीत. मग ती पुस्तक डोळ्यापुढं धरून बसायची, पान उलटायचं नाही. माझ्याबरोबर कडी वाजवायचा खेळही बंद झाला. एकदा मला म्हणाली, कॉलेजात दिवसभर हसावं लागतं आत्या, घरी आल्यावर गाल दुखतात. मी तिला वाचवलं म्हणते खरी, पण माझ्या खोट्यात तिलाही कोंडून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आली. कॉलेजच्या स्वतःच्या जेवणघरात पोरांनी दुपारचं जेवण रांधायचं, वाढायचं, आणि प्रत्येकानं घरची दोन माणसं पाहुणे म्हणून आणायची. परीक्षक बाहेरचे. पाहुण्यांना विचारून ते मार्क देणार. हिनं यांना बोलावलं. हे म्हणाले, नळाची पाळी नेमकी त्याच दिवशी आहे, पाणी कोण भरणार? हिनं आक्कांना बोलावलं. मला वाटलं आता भिंतीला उत्तर मिळणार. पण आक्का डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, अन्नाला बोलावलं की नाही म्हणू नये. आणि आल्या. रिक्षात आम्ही दोघी, मधी आक्कांची पिशवी. जालना रोडभर काचेच्या इमारती, काचेत आम्ही दिसायचो, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.

पांढरंशुभ्र टेबल. कमळासारखा घडी केलेला रुमाल. आक्कांनी तो मोडला नाही, तसाच उचलून मांडीवर ठेवला. पोर आली, वाकून मॅडम म्हणाली दोघींना, नि ओळख असल्याचं डोळ्यांतसुद्धा दाखवलं नाही. खांबापाशी परीक्षक पॅड घेऊन उभे.

जेवण चांगलं होतं, पण घोटाळा पाण्यानं केला. तिथला नियम असा, पाहुण्याचा ग्लास रिकामा दिसता कामा नये. आणि आक्कांचा नियम असा, त्या वर्षी तर आमच्या सगळ्यांचाच, की ग्लासात पाणी उष्टं टाकायचं नाही. आक्का ग्लास संपवून ठेवायच्या. पोर येऊन भरायची. आक्का पुन्हा संपवायच्या. ती पुन्हा भरायची. तिला थांबता येईना, परीक्षक बघतायत. आक्कांना थांबता येईना, पाणी वाया जातंय. आणि मला सगळं दिसतंय, पण आमचं बोलणं कुठं होतं! आक्कांचा श्वास जड झाला. घास खाली जाईना. शेवटी टेबलाखालून त्यांनी माझं मनगट धरलं.

“अगं, सांग तिला. पोट फुटंल माझं.”

कितीतरी महिन्यांनी हे पहिलं बोलणं. मला हसू फुटत होतं आणि डोळे भरत होते. मी हळूच म्हटलं, आक्का, भरलेला राहू द्या, पिऊ नका. त्या म्हणाल्या, मग टाकून देत्यात ते. पोरीनं ऐकलं. चेहरा न हलवता, कमरेत वाकून ती म्हणाली, मॅडम, आपलं उरलेलं पाणी कुंडीतल्या झाडांना जातं. तेव्हा कुठं आक्कांनी ग्लासावरचा हात काढला.

आणि नेमके परीक्षक आले. माझ्याकडं न बघता, वयाला मान देऊन आक्कांकडं वळले. मॅडम, या मुलीची सेवा कशी वाटली? एवढ्या महिन्यांचा राग त्या बाईच्या ओठांवर, आणि त्या ओठांवर पोरीची दोन वर्षं. नापास झाली असती तर भाऊ दुसरं विचारणारच नव्हता. पोर ट्रे धरून उभी, ट्रेवरचे चमचे बारीक वाजत होते.

आक्कांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. “पोरगी चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “पण लई पाजते.”

परीक्षकांचं पेन थांबलं. “काय पाजते?”

“पाणी वो. दुसरं काय पाजणार?”

ते हसत सुटले. खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले. निकाल नंतर लागला, पोर चांगल्या मार्कांनी पास झाली. नोकरी लांबच्या शहरात लागली, खताचं दुकान दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेलं. पण माझ्यासाठी तिचा निकाल त्या टेबलावरच लागला होता.

परतताना वेगळीच पंचाईत. एवढं पाणी पोटात गेलेलं. तिथल्या बायकांच्या खोलीत जायला आक्का लाजल्या, म्हणाल्या घरीच जाऊ. आणि रिक्षा अडकली. पाइपलाइनसाठी रस्ता उभा खणलेला, पुढं ट्रक, मागं सिटी बस. आक्का म्हणाल्या, बाबा, घे की बाजूनं. रिक्षावाला म्हणाला, “खाला, रस्ताच खुदा हुआ है, मैं क्या उड़ के जाऊं?” आक्कांनी माझा दंड घट्ट धरला. म्हणाल्या, तू बोलत ऱ्हा काहीतरी, नाहीतर माझं काही खरं नाही.

बोल म्हटल्यावर मी काय बोलणार! मी म्हटलं, आक्का, ते मुक्कामाचं मी सांगितलं नव्हतं तिला.

“ठाऊक हाय. तुझी हिंमत व्हती व्हय, पाहुण्याला असं विचारायची?”

मग त्याच बोलू लागल्या. विहीर आटली, बैल विकले, पोरगा पुण्याकडं कंपनीत गेला तो फोन करीना. कुलूप लावून निघाल्या तेव्हा किल्ली कुणाकडं ठेवावी तेही सुचेना. “तिनं विचारलं त्याचा राग नव्हता गं. मला सांगताच येईना. दोन दिस म्हणू का दोन वर्षं? माझं मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही समदे गप बसता त्ये बरं असतंय, तेवढं झाकून राहतं.” मग एकदम रिक्षावाल्यावर ओरडल्या, अरे मुडद्या, हाल की.

घरी पोचलो तर आक्का चपलांसकट मोरीकडं धावल्या. मी दारातच थांबले. हे नळ सोडून खाटेवर झोपी गेलेले. स्वयंपाकघरातला ड्रम भरून वाहत होता, पाणी पार बाहेरच्या खोलीत आलेलं, ज्वारीच्या पोत्याचा तळ भिजलेला. आक्का बाहेर आल्या, बघितलं, भावाकडं बघितलं. पदर खोचला, खाली बसल्या, आणि फडकं पाण्यात टाकलं.

“बघत काय ऱ्हायलीस?” त्या मला म्हणाल्या. “बादली सरकव इकडं. एवढं पाणी काय गटारीत सोडतीस?”

मी बादली सरकवली आणि दुसरं फडकं घेऊन त्यांच्या शेजारी बसले.