दुरून न दिसणारे चेहरे

आधीच माफी मागतो. आपण लिहावं असं मला अजूनही वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, आणि डोळ्यांबद्दल मला जे माहीत आहे ते पुस्तकातलं कमी, माझ्या स्वतःच्या अनुभवातलं जास्त आहे. तरी लिहितो, कारण धाकट्या बहिणीची आठवण आली की दुसरं काही सुचत नाही.

आमचं गाव कारंजा तालुक्यात, धनजच्या अलीकडे. मी अमरावतीला होस्टेलवर राहतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर समोरच्या घरातल्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, दारातच अडवलं.

"तुयी बहीन लय मोठी झाली बाप्पा! समोरून जाते, जयभीम नाई का काई नाई. अशी पाह्यते, जशी मी खांबच हावो."

आमच्या वस्तीत लहानांनी मोठ्यांना आधी जयभीम करायचा असतो. आई बहिणीवर रागावली. "मले वाटलं दुसरंच कोनी हाय," बहीण म्हणाली. सगळे हसले. मला हसू आलं नाही. सुट्टीभर मी तिच्याकडे पाहत राहिलो. दूरचं काही पाहायचं असलं की ती डोळे बारीक करायची. टीव्हीच्या इतकी जवळ बसायची की आई म्हणे, "आत जाऊनच बस नं त्याच्या!" शाळेत फळ्यावरचं ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते, असं तिनेच सांगितलं. संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणायची.

हिचे डोळे तपासून घेऊ, असं मी म्हटलं.

"तिच्या डोयाले काय धाड भरली?" आई म्हणाली. "मले सुईत दोरा तीच ओवून देते. तांदयातला खडा तिलेच पयले दिसते."

ते खरंच होतं. जवळचं तिला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं दिसायचं, म्हणून तर कोणाला शंका आली नव्हती. बाबा म्हणाले, "कापूस वेचनं होऊ दे, मंग नेतो कारंजाले." आई मात्र मागून हळूच म्हणाली, "आतापासून चष्मा लावला तं नंबर वाढतच जाते म्हनतेत. पोरीची जात हाय." सुट्टी संपली.

मला स्वतःला चष्मा लागला तो कॉलेजात आल्यावर. पहिल्याच दिवशी होस्टेलच्या गॅलरीतून रस्त्यापलीकडचा एक म्हातारा माणूस हसताना दिसला, आणि मला आजोबा आठवले. मी शाळेतून यायचो तेव्हा ते शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे राहून माझ्याकडे पाहून हसायचे, असं आई सांगते. मला दिसायचा तो नुसता पांढरा सदरा. चष्मा आला तेव्हा आजोबा नव्हते. त्यांचा चेहरा मला फक्त जवळचाच आठवतो. दुरून माझी वाट पाहताना ते कसे दिसत, हे आता मला कधीच कळणार नाही.

बहिणीचं असं होऊ नये. घरची माणसं आहेत तोवर तिने त्यांना दुरूनही पाहून घ्यावं, एवढंच मला वाटत होतं.

एका रविवारी फोनवर मी आईला म्हटलं, "तू हापशीजवळ उभी राह्य. तिले दारातच उभी ठेव अन् इचार, मी हासून राह्यली का रागावली?"

फोन चालूच होता. आईने हाक दिली, "सांग वं, कशी दिसून राह्यली मी?"

मग लांबून बहिणीचा रडवेला आवाज आला. "रागावली! पन मी काई नाई केलं वं आई!"

आईने फोन पुन्हा कानाला लावला. म्हणाली, "हासून राह्यली होती रे मी."

त्यानंतर फोन केला की कापसाचंच कळायचं. मजूर मिळत नाहीत, बोंडं फुटून आहेत. मी पुन्हा विचारायला भीत होतो. संध्याकाळी मेसमध्ये जेवताना घराचं दार डोळ्यांसमोर यायचं, आणि त्या दारात डोळे बारीक करून उभी असलेली ती.

मग एके दुपारी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"कारंजाले दाखवलं तिले, दोनी डोयाले नंबर हाय तिच्या," बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हने, बरं केलं आताच आनली. आज चष्मा भेटला. येतानी एसटीत एक पाटी सोडली नाई पोट्टीनं, सारं मोठ्यानं वाचत आली. कंडक्टर म्हने, मायं काम हिलेच द्या."